साथीचा माग आणि बायकांची साक्ष



आमच्या लोहा तालुक्याचे नाव राज्याबाहेरच्या वर्तमानपत्रांत क्वचितच येते. फेब्रुवारी 2024 मध्ये ते आले. 6 फेब्रुवारीला, एकादशीच्या दिवशी, कोष्टवाडी गावात धार्मिक कार्यक्रम होता. सावरगाव, रिसनगाव अशा आजूबाजूच्या गावांतूनही माणसे आली आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास प्रसादाला बसली. पहाटे उलट्या आणि जुलाब सुरू झाले. आधी दीडशे जणांना लोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आणले. मग आकडा वाढत गेला. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि इतर रुग्णालयांत मिळून 870 जणांना न्यावे लागले. बाधितांची एकूण संख्या दोन हजारांच्या वर गेल्याच्या बातम्या आल्या. रुग्णांचे नमुने घेतले गेले, गावांत सर्वेक्षणासाठी पाच जणांचे पथक गेले, शीघ्र प्रतिसाद पथक नेमले गेले.

त्या आठवड्यात सगळ्यांचे लक्ष खाटांवर, सलाइनवर आणि आकड्यावर होते. तसे असणे योग्यच होते. आधी जीव वाचवायचा. पण माणसे घरी परतल्यावर जो प्रश्न उरतो, त्यावर आपल्या गटांत पुरेसे बोलले जात नाही. इतकी माणसे एकदम आजारी पडली तर ती नेमकी कशाने, हे कोण शोधते? ते शोधण्याचे शिक्षण कुणाला मिळते? आणि त्या शोधात गावातली बाई कुठे असते? या अंकाच्या निमित्ताने मला एवढेच मांडायचे आहे: साथीचा माग काढायला लागणारी निम्म्याहून अधिक माहिती बायकांकडे असते, आणि तो माग काढायचे शिक्षण मात्र बायकांपर्यंत पोचत नाही.

हे शिक्षण म्हणजे काय, ते आधी पाहू. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. तिथे आम्हाला समुदाय संघटन शिकवले, समुपदेशन शिकवले, साथीचा तपास कसा करतात ते शिकवले नाही. बहुतेक डॉक्टरांचे शिक्षणही समोरच्या एका रुग्णाला बरे करण्याचे असते. हजार रुग्णांमागचे एक कारण शोधणे ही वेगळी विद्या आहे. अमेरिकेत 1951 मध्ये अलेक्झांडर लँगम्यूर यांनी या विद्येसाठी एक खास सेवा सुरू केली. तरुण डॉक्टरांना दोन वर्षे घ्यायचे, वर्गात थोडे बसवायचे आणि खऱ्या साथीत पाठवून शिकवायचे, अशी तिची पद्धत. 1980 मध्ये थायलंडने याच धर्तीवर आपला अभ्यासक्रम उभारला, मग अनेक देशांनी. 1997 मध्ये या अभ्यासक्रमांचे जागतिक जाळे तयार झाले. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत 2001 मध्ये असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात 2012 मध्ये. जगभर आता याच्या तीन पायऱ्या मानतात: वरची दोन वर्षांची, मधली त्याहून कमी मुदतीची आणि तळची सुमारे तीन महिन्यांची. ही तळची पायरी तालुका-जिल्हा पातळीच्या कर्मचाऱ्यांसाठी असते.

एका देशातली साथ दुसऱ्या देशात जायला आता विमानाचा एक प्रवास पुरतो. म्हणून 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम सुधारले गेले आणि 2007 पासून लागू झाले. संशयास्पद घटना कळली की 48 तासांत तिचा अंदाज घ्यायचा आणि ती जगाला धोका ठरेल अशी वाटली तर पुढच्या 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचे, असे बंधन सगळ्या देशांनी मान्य केले. पण हे तास मोजायला सुरुवात होते ती कुणाला तरी काहीतरी वेगळे दिसले तेव्हापासून. ते दिसणारे माणूस जिनेव्हात नसते, दिल्लीतही नसते. ते कोष्टवाडीसारख्या गावात असते. जागतिक पातळीवरचा आधारही कायमचा गृहीत धरता येत नाही. 20 जानेवारी 2025 ला अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. असे होते तेव्हा आपल्या गावातले शिकलेले माणूस अधिकच महत्त्वाचे ठरते.

मराठवाड्याला हे कळायला 1994 साल यावे लागले. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा उद्ध्वस्त झाला. त्यानंतर वर्षभरातच, ऑगस्ट-सप्टेंबर 1994 मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवा वाढल्या आणि माणसांच्या जांघेत, काखेत गाठी येऊ लागल्या. भूकंपानंतर ओस पडलेली घरे, त्यांत राहून गेलेले धान्य आणि वाढलेले उंदीर यांचा या साथीशी संबंध असावा, असे अनुमान तेव्हा मांडले गेले. सप्टेंबरच्या शेवटी सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. घबराट मात्र साऱ्या देशात पसरली, आणि परदेशांनी आपली विमाने व माल अडवला. नंतर डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली. देशात रोगांवर सतत नजर ठेवणारी घडी नाही, हे त्या वर्षी उघडे पडले. 1997 मध्ये काही जिल्ह्यांत राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम आला आणि नोव्हेंबर 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प. आज आपल्या उपकेंद्रातली आरोग्यसेविका ताप, जुलाब, खोकला यांची जी नोंद वर पाठवते, ती या प्रकल्पातली.

आता मामल्यातले उंदीर आठवा. घरात मेलेला उंदीर आधी कुणाला दिसतो? कणगीमागे, चुलीशेजारी, माळ्यावर झाडू फिरवणाऱ्या बाईला. पिसवा आधी कुणाला चावतात? जमिनीवर अंथरुणे घालणाऱ्या आणि ती उचलणाऱ्या बाईला. कुणाच्या लेकराला गाठ आली, हेही शेजारणीला आधी कळते. साथीची पहिली खूण घरात उमटते. सरकारी नोंद मात्र दवाखान्याच्या दारात सुरू होते. मधले दिवस कुणीच मोजत नाही.

तपास प्रत्यक्षात कसा चालतो, हे एका कल्पित पंगतीवरून समजून घेऊ. समजा, उपवासाच्या दिवशी 200 जण जेवले. काहींनी भगर खाल्ली, काहींनी आमटी, काहींनी दोन्ही. त्यातले 98 आजारी पडले. आपण आजारी माणसाला विचारतो, ‘काय खाल्लं होतं?’ आणि तो म्हणतो, ‘आमटी’. लगेच आमटीवर बोट. पण तपासनीस असे करत नाही. तो जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारतो. आमटी खाणाऱ्या 150 पैकी 75 आजारी, म्हणजे शंभरात 50. न खाणाऱ्या 50 पैकी 23 आजारी, म्हणजे शंभरात 46. फरक जवळजवळ नाही. भगर खाणाऱ्या 120 पैकी 90 आजारी, म्हणजे शंभरात 75. न खाणाऱ्या 80 पैकी 8 आजारी, म्हणजे शंभरात 10. आता बोट कुठे वळते ते तुम्हीच पाहा. यासाठी वही, पेन्सिल आणि सातवीतले गणित पुरते. बचत गटाचा हिशेब ठेवणारी आपली कोणतीही सचिव हे करू शकेल. प्रयोगशाळा हवीच, जंतू की बुरशी की विष, हे तीच सांगेल. पण कशाचा नमुना तिच्याकडे पाठवायचा, हे या वहीतून ठरते. उरलेले अन्न फेकून भांडी घासून झाल्यावर पथक पोचले, तर प्रयोगशाळा तरी काय करणार?

या गणितात बायकांची साक्ष कुठे कुठे लागते, ते पाहा.

पहिले, वेळ. पंगत कितवी, हा प्रश्न फार मोलाचा असतो. अन्न शिजून चार-पाच तास उघड्यावर राहिले की धोका वाढत जातो. आपल्याकडे शेवटच्या पंगतीला कोण बसते? वाढणाऱ्या आणि रांधणाऱ्या बाया. पहिल्या पंगतीतले पुरुष ठणठणीत आणि शेवटच्या पंगतीतल्या बाया आजारी, असे दिसले तर त्यातूनच एक उत्तर मिळते. पण विचारताना ‘जेवलात का’ एवढेच विचारले तर ते हातून निसटते.

दुसरे, न जेवलेले. कोण आजारी पडले नाही, हे कळल्याशिवाय तुलना होत नाही. पाळी आली म्हणून प्रसादाला गेली नाही अशी बाई, ओली बाळंतीण, वेगळ्या वस्तीतली, वेगळ्या विहिरीचे पाणी पिणारी घरे. गावातल्या भेदभावाच्या रेषा तपासात माहिती बनतात. पण या गोष्टी परक्या पुरुषाला कुणी सांगत नाही. सरपंचाच्या ओसरीवर बसून तर त्या मुळीच कळत नाहीत.

तिसरे, मोजणीतून सुटलेल्या. दवाखान्याची यादी ही दवाखान्यात पोचलेल्यांची यादी असते. लेकराला आणि नवऱ्याला जीपमध्ये घालून पाठवणारी, स्वतः मीठ-साखरेचे पाणी पीत घरी पडून राहणारी बाई त्या यादीत नसते. घरोघर जाऊन विचारले तरच ती सापडते. आणि विचारतानाही, ‘घरात कोण आजारी आहे?’ म्हटले की ती स्वतःला सोडून बाकीच्यांची नावे सांगते. ‘बाई, तुझं कसं आहे?’ असे वेगळे विचारावे लागते.

चौथे, रांधणाऱ्या हातांची माहिती. भगर कुठून आणली, सुटी की पाकिटातली, पीठ किती दिवसांचे, ओल लागली होती का, पाणी कुठल्या टाकीचे, भांडी कशाची. उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात. ओलसर जागी ठेवलेल्या भगरीवर आणि तिच्या पिठावर बुरशी चढते आणि तिचे विष शिजवूनही जातेच असे नाही. म्हणूनच अन्न व औषध प्रशासन सणावारांच्या आधी जुने, सुटे पीठ घेऊ नका असे सांगत असते. हे सारे तपशील चुलीपाशी असतात.

यात नवे काही नाही. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठल्या घरांत झाले ते तपासून पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथरोगशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट हमखास असते. पण पंपात घाण आली कुठून, हे स्नोंना कळले नव्हते. ते शोधले तिथल्या धर्मोपदेशकाने, हेन्री व्हाइटहेड यांनी. आधी त्यांचा पंपाच्या गोष्टीवर विश्वास नव्हता. पण ते त्या वस्तीतल्या घरांत रोज जाणारे होते. एका घरातल्या आईने त्यांना सांगितले की, जुलाबाने आजारी असलेल्या बाळाचे लंगोट धुऊन ते पाणी तिने घरापुढच्या शोषखड्ड्यात ओतले होते. तो खड्डा पंपाच्या विहिरीला लागून होता. साथीचे मूळ एका आईच्या उत्तरात सापडले. ते उत्तर मिळाले, कारण विचारणारा ओळखीचा होता आणि त्याने तिला गुन्हेगार ठरवले नाही.

याच्या उलट काय होते, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. साथरोग कायदा त्याच वर्षीचा. वॉल्टर रँड यांच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरले, माजघरापर्यंत गेले, बायकांची तपासणी झाली. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांबद्दल जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. 22 जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, एवढे आपण शाळेत शिकतो. शिकवले जात नाही ते असे की, अशा तपासामुळे लोकांनी रोगी लपवले. माणूस लपला की साथ मोकळी सुटते. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या. एकीकडे बंदूक घेऊन घरात शिरणारा तपास आणि दुसरीकडे रोग्याला जवळ घेणारी सावित्रीबाई. साथीच्या काळात घराच्या आत जायचा हक्क कुणाला मिळतो, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

मग आज आपल्याकडे घराच्या आत जाणारी कोण आहे? आशा आहे. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ती आली. कोविडमध्ये घरोघर ताप मोजत फिरली, सप्टेंबर 2020 मधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तिने दारोदार नोंदी केल्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. आणि मानधनवाढीचा शासन निर्णय निघावा म्हणून जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावे लागले, फेब्रुवारीत आझाद मैदानावर बसावे लागले. कोष्टवाडीची घटना त्याच दिवसांतली. जिच्यावर गावाची पहिली खबर अवलंबून, तिला शासन स्वयंसेविका म्हणते. तिला फॉर्म भरायला देतात, पण त्या फॉर्मचा पुढे काय अर्थ निघाला ते तिला कुणी सांगत नाही. ती आकडे गोळा करते, पण आकडे वाचायला तिला शिकवलेले नाही. शेतात राबणारी बाई आणि सातबाऱ्यावर पुरुषाचे नाव, तसाच हा प्रकार आहे.

बायकांना हे जमेल का, असे विचारणाऱ्यांना शासनाच्याच योजनेत उत्तर आहे. 2019 च्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचे प्रशिक्षण द्यायचे ठरले. बाई पाण्याचा नमुना तपासू शकते, हे मान्य झाले. पण पाणी खराब निघाले तर टाकी बंद करा असे सांगायचा अधिकार तिला कुठे आहे? टीसीएल पावडर किती टाकली, याची वही ग्रामपंचायतीकडून मागायची तिची हिंमत व्हावी, अशी व्यवस्था आहे का? ज्ञानाबरोबर अधिकार दिला नाही, तर ते ज्ञान पेटीत बंद राहते.

हे शिक्षण जंतूंच्या साथीपुरते नाही, हेही लक्षात घेऊ या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात आहेत, हे बायका आणि कार्यकर्त्या आधीपासून सांगत होत्या. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तोवर जी कुजबुज होती, ती मोजल्यावर पुरावा झाली. आमच्या लोहा-कंधारकडूनही बाया कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. किती जणींना, कोणत्या वयात, कुठल्या दवाखान्यात, काय कारण सांगून, असे क्रमाने विचारणे आणि लिहिणे हीच तपासनिसाची विद्या. ती हाती असती, तर इतक्या बायांना इतकी वर्षे थांबावे लागले नसते.

दोन शंका मला नेहमी ऐकायला मिळतात. अधिकारी म्हणतात, अर्धवट शिकलेल्या बाया अफवा पसरवतील. माझे उत्तर असे की, अफवा पसरते ती माहिती न मिळाल्याने. 1994 मध्ये सुरत सोडून पळालेल्यांत शिकलेली माणसेही होती. ‘मला दिसले’ आणि ‘मी ऐकले’ यांतला फरक शिकवणे, हाच या शिक्षणाचा पहिला धडा आहे. दुसरी शंका आपल्याच मैत्रिणींची आहे: आणखी एक बिनपगारी काम बायकांच्या माथी? ही शंका मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच आपली मागणी प्रशिक्षणाची असावी आणि मोबदल्याचीही. एकीशिवाय दुसरी मागू नये.

तेव्हा आपण काय मागायचे? तळच्या पायरीचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आशा, आरोग्यसेविका आणि अंगणवाडी सेविकांसाठी मराठीत, तालुक्याच्या ठिकाणी, पगारी सुट्टी आणि प्रमाणपत्रासह व्हावा. गावात जाणाऱ्या प्रत्येक तपास पथकात किमान एक स्त्री असावी आणि बायकांशी वेगळे बोलले जावे. तपासाचा निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवला जावा. नमुन्यांचे काय झाले, हे ज्यांच्या अंगातून नमुने घेतले त्यांना कळण्याचा हक्क आहे. आणि आशेला कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा.

शासनाची वाट न पाहता करण्यासारखेही काही आहे. तुमच्या गटाच्या वहीत मागची चार पाने राखून ठेवा. जुलाब, उलट्या, ताप, कावीळ, अंगावर पुरळ: वाडीत कुणाला काय झाले, कोणत्या तारखेला, वय, पाणी कुठले, आदल्या दिवशी काय खाल्ले. रोगाचे नाव नाही कळले तरी चालेल. एका आठवड्यात एकाच गल्लीत तीन-चार नोंदी झाल्या तर त्याच दिवशी आरोग्यसेविकेला सांगा आणि सांगितल्याची तारीख लिहा. सार्वजनिक जेवण असेल तर प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, शक्य तर थंड जागी, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. आजारी व्यक्तीचे नाव वहीबाहेर जाऊ देऊ नका आणि रांधणाऱ्या बाईवर खापर फोडू देऊ नका. आपल्याकडे दोष द्यायला बाई फार लवकर सापडते.

आमच्या भागात बायांना काही विचारायला गेले की त्या पहिल्यांदा म्हणतात, ‘आमाला काय कळतंय, मालकाला इचारा.’ थोडे बसले, चहा झाला, की त्याच बाया विहिरीचा, टाकीचा, पंगतीचा सगळा हिशेब तोंडपाठ सांगतात. तो हिशेब कागदावर उतरावा, उतरवणारा हात तिचाच असावा आणि त्या कागदाला सरकारदरबारी किंमत यावी. पुढच्या तीन महिन्यांत तुमच्या वहीत काय नोंदले गेले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.